दाखला नसलेला मतदार

गेल्या वेळी ओघात एक वाक्य लिहून गेले होते, की घरी शिकणाऱ्या मुलांच्या नागरिकशास्त्राची खरी परीक्षा मतदार यादीपाशी होते. त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकते. काही पत्रं रागाची आहेत, आणि खरं सांगायचं तर तीच जास्त चांगली लिहिलेली आहेत. नव्या वाचकांसाठी माझी ओळख: एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं, नऊ निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून बसले, आणि निवृत्तीनंतर होमस्कूलिंगवाल्या घरांतल्या मुलांना मुक्त विद्यालयाच्या परीक्षेसाठी सामाजिक शास्त्रं शिकवते. दोन्ही घरचं मीठ खाल्लेलं आहे.

बाई, माझा मुलगा एक दिवसही शाळेत गेलेला नाही. येत्या फेब्रुवारीत त्याला अठरा पूर्ण होतील. मतदार यादीत नाव घालायला गेलो, तर बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) बाई म्हणाल्या, आधी शाळा सोडल्याचा दाखला आणा. कधी धरलीच नाही ती शाळा सोडायची कशी?
– एक आई, नाशिक

दाखला लागत नाही. नमुना ६ भरा. वयाचा पुरावा म्हणून त्यात जी कागदपत्रं दिली आहेत, त्यांपैकी एक पुरतं: जन्माचा दाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा दहावी-बारावीचं प्रमाणपत्र. यातला जन्मदाखला सगळ्यांत निर्वेध, महापालिकेतून आधीच काढून ठेवा. यांतलं काहीच नसेल तरी अर्ज बाद होत नाही. मग प्रत्यक्ष येऊन पडताळणी करतात. पत्त्यासाठी घरचं वीजबिल चालतं, आणि घरातल्या ज्याचं नाव आधीच यादीत आहे त्याच्या ओळखपत्राचा क्रमांक लिहायला अर्जात जागा असते.

अठरा पूर्ण होईपर्यंत थांबायचंही कारण नाही. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरत. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आहेत, आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. तुमचा मुलगा १ एप्रिलच्या तारखेत बसतो. महापालिका-जिल्हा परिषदेसाठी वेगळा अर्ज नसतो, विधानसभेचीच यादी प्रभागांत विभागून वापरतात. तेव्हा हे एकदाच करायचं काम आहे.

बीएलओ बाईंवर रागावू नका. त्या बहुतेक जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असतात. आपल्याकडे शाळेचा दाखला म्हणजे जन्म, जात, गाव सगळ्याचा पुरावा, त्यामुळे हात आपोआप तिकडेच जातो. अर्जातलीच यादी त्यांच्यासमोर ठेवा, वाद घालू नका.

तुमच्या पत्रात खाली एक ओळ आहे, ती मला फार आवडली. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलं मोजली, तेव्हा तुमच्या सात वर्षांच्या मुलाच्या बोटाला शाई लावून गेले आणि तो दोन दिवस ते बोट मिरवत फिरला. आता त्याच बोटाला पुन्हा शाई लागणार. पहिल्या वेळी तो शाळेत नाही म्हणून मोजला होता. या वेळी कुणी विचारणारही नाही. राज्यघटनेच्या ३२६व्या कलमात मतदाराला शिक्षणाची अट नाही, आणि हे चुकून राहिलेलं नाही. १९५१च्या जनगणनेत देशात शंभरातल्या अठरांनाच लिहिता-वाचता येत होतं. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी होती, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं; आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा, वाचायचं काहीच नाही. दाखला नसलेल्यांवर विश्वास टाकूनच हा देश सुरू झाला आहे.

तुम्ही आयुष्यभर शाळेचा पगार घेतलात आणि आता शाळेतून काढलेल्या पोरांची वकिली करता. बाकावर सगळ्या जातींची पोरं शेजारी शेजारी बसतात, तीच लोकशाही. घरात शिकलेलं पोर मत देईल, पण कुणाचा विचार करून? स्वतःचाच.
– एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

गुरुजी, पत्र वाचून आधी चरफड झाली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा पेन खाली ठेवलं.

तुम्ही साताऱ्याचे, म्हणून तिथूनच सुरू करते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तुमच्या साताऱ्यातल्या शाळेत भिवा आंबेडकर नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं. तो वर्गात वेगळा, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत असे, आणि शिपायाने नळ सोडला तरच त्याला पाणी मिळत असे. त्या मुलासाठी शाळेत शिरणं हेच राजकारण होतं. ज्याला दार बंद होतं त्याच्या नातवाला, 'शाळा हवीच कशाला' हे वाक्य कसं ऐकू येत असेल, हा प्रश्न मी होमस्कूलिंगवाल्या प्रत्येक घरात विचारते. उत्तर पटकन येत नाही.

शिवाय सक्तीचं शिक्षण ही वरून पडलेली गोष्ट नाही, या मातीत ती मागून घेतलेली आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ला हंटर आयोगापुढे बहुजनांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून निवेदन दिलं. गोखल्यांनी १९११मध्ये त्यासाठी विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी पडलं. शाहू महाराजांनी वाट पाहिली नाही. १९१७मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया! २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातही सहा ते चौदा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हणून दहाव्या कलमात लिहिलं आहे. फक्त ते न पाळणाऱ्या पालकाला दंड नाही, आणि सक्तीचा मुख्य भार सरकारवर आहे. होमस्कूलिंगवाले उभे आहेत ते दंड नसलेल्या या फटीत. मी त्यांना हे स्पष्ट सांगते.

आता तुमच्याशी भांडते. ते सगळ्या जातींचं बाक आज कुठल्या शाळेत आहे, गुरुजी? माझ्या शहरात तरी नाही. ज्याला फी परवडते तो इंग्रजी माध्यमात गेला, ज्याला नाही परवडत तो महापालिकेच्या शाळेत राहिला. होमस्कूलिंगवाल्यांनी बाक मोडलं म्हणता, पण ते यायच्या आधीच त्याची फळी निघालेली होती. खासगी शाळांत पंचवीस टक्के राखीव जागा ठेवायला लावल्या, तिथेही किती शाळांनी कोर्टकचेऱ्या केल्या ते तुम्ही पाहिलंच आहे.

तरीही तुमच्या पत्राचं टोक मला बोचतं, कारण ते बरोबर जागी लागलं आहे. मी जाते त्या घरांत दुर्बीण असते, पेटी असते, बाल्कनीत गांडूळखत असतं, आणि शनिवारी येणारी मित्रमंडळी त्याच वर्गातली, बहुतेकदा त्याच जातीतली असतात. एका घरी बारा वर्षांची मुलगी संसदीय पद्धत आणि अध्यक्षीय पद्धत यांतला फरक घडाघडा सांगत होती. मी विचारलं, तुमचा जिना झाडायला येणाऱ्या मावशींचं मतदान कुठे असतं? तिने आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे. मावशी जिन्यातच होत्या, त्यांना आत बोलावलं. त्यांचं नाव सोलापूर जिल्ह्यातल्या गावच्या यादीत होतं. मतदानाचा दिवस म्हणजे एसटीचं येण्याजाण्याचं भाडं, एक खाडा, आणि सरपंचाने पाठवलेली जीप मिळाली तर तिचं ओझं. पुढचा दीड तास मी काही शिकवलं नाही. मुलगी विचारत होती, मावशी सांगत होत्या.

तुमचा आक्षेप मी एवढाच मान्य करते: बाक मोडलं असेल तर रांग तरी दाखवायला हवी.

मी पाच वर्षं दोन मुलांना घरी पूर्णवेळ शिकवते. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मला मत देता येईल का?
– एक आई, पुणे

नाही. तिथे गेल्या सहा वर्षांपैकी किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्याहून वरच्या शिक्षणसंस्थेत शिकवलेलं असावं लागतं. स्वयंपाकघरातलं टेबल त्यात बसत नाही. पदवी घेऊन तीन वर्षं झाली असतील तर पदवीधर मतदारसंघाचा नमुना १८ भरा. ती यादी दर निवडणुकीला नव्याने करतात, तेव्हा गेल्या वेळी भरला होता म्हणून गाफील राहू नका.

आम्ही दोघं शहर सोडून कोकणात शेती करतो. मुली घरीच शिकतात. सरकारकडे काही मागत नाही, म्हणून मतही देत नाही. कुठलाच पक्ष आमचा नाही. जे आम्हाला पटत नाही ते मुलींना का शिकवायचं?
– एक जोडपं, सिंधुदुर्ग

पक्षांपासून लांब राहण्याची एक थोर परंपरा आपल्याकडे आहे. विनोबा राजनीती नको, लोकनीती हवी म्हणत. शिक्षण सरकारच्या हातात नसावं असंही सांगत. तुमच्यासारखी अनेक घरं त्या वाटेने होमस्कूलिंगपर्यंत आली आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण विनोबा गावोगाव पायी हिंडत होते. गेटाला कडी लावून बसणं ही लोकनीती नव्हे.

'सरकारकडे काही मागत नाही' या वाक्याशी जरा थांबा. मुलींना घरी शिकवण्याची तुमची मोकळीक कायद्यात लिहिलेली नाही. होमस्कूलिंग हा शब्दच त्यात नाही. उद्या एका दुरुस्तीने दहाव्या कलमाला दंड जोडला, तर तुमचं घर बेकायदा होईल. जर्मनीत मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होतो, तिथल्या काही पालकांनी थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत जाऊनही हार खाल्ली. मुक्त विद्यालयाची तिसरी, पाचवी, आठवीच्या पातळीची परीक्षा चालू राहावी हासुद्धा कुणीतरी मंत्रालयात घेतलेला निर्णयच असतो. राजकारण तुम्हाला नको असेल, राजकारणाला तुम्ही दिसता.

आणि तुमची अडचण पक्षाची असेल, तर पायाखालीच उत्तर आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. छत्री, कपबशी, शिवणयंत्र असल्या चिन्हांवर होते. ग्रामसभेला तर मतदार यादीत नाव असलं की पुरे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला बहुतेक गावांत ती होते. मुलींना घेऊन जा, मागे बसवा. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे कुठे गेले असं कुणी विचारलं की सभेतले आवाज कसे बदलतात, ते कुठल्या पुस्तकात मिळायचं नाही.

खरोखर कुणीच पटत नसेल, तर घरी बसण्यापेक्षा जाऊन नोटा दाबा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे २०१३पासून ते बटण आलं. २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटाला सत्तावीस हजारांहून जास्त मतं पडली, विजयी उमेदवाराच्या खालोखाल नोटाच. त्याने निकाल बदलला नाही, हेही सांगते. विधानसभेत नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. पण ते मोजलं गेलं. तुमचं न जाणं कुणी मोजत नाही. तुम्ही तत्त्वासाठी घरी राहिलात की सुट्टी जोडून गोव्याला गेलात, हे यादीला कळत नाही.

मुलींबद्दल एक. गांधीजींनी मुलांना तत्त्व म्हणून शाळेपासून दूर ठेवलं, आणि थोरल्या हरिलालच्या मनात आपलं शिक्षण हुकल्याची सल कायम राहिली. बापाचं तत्त्व खोटं नव्हतं, ते मुलाने निवडलेलं नव्हतं. शाळेचा निर्णय तुम्ही मुलींच्या वतीने घेतलात, ठीक. मतदानाचा घेऊ नका.

आमचे हे एका पक्षाचे काम करतात. दहा वर्षांच्या मुलाला 'हेच प्रॅक्टिकल नागरिकशास्त्र' म्हणून प्रचाराला नेतात, गळ्यात उपरणं, हातात झेंडा. तो आता बिल्डिंगमधल्या पोरांना गद्दार म्हणतो. मी काही बोलले की होमस्कूलिंग माझाच हट्ट होता हे ऐकावं लागतं.
– नाव छापू नये

आधी नियम. निवडणूक आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४च्या सूचनेत मुलांना प्रचारात वापरायला सक्त मनाई केली आहे: घोषणा, पत्रकं वाटणं, मिरवणूक, झेंडा, काहीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४मध्येच तसा आदेश दिला होता. आईबापाबरोबर मूल सभेला नुसतं हजर असलं तर तो भंग नाही, पण उपरणं आणि झेंडा म्हणजे नुसतं हजर नव्हे. हे कात्रण फ्रिजवर लावा. कार्यकर्त्याला नियमाचा कागद कळतो, बायकोचं म्हणणं कळतंच असं नाही.

मला काळजी आहे ती त्या 'गद्दार'ची. शाळेत इतिहासाचे सर एक बोलतात, मराठीच्या बाई दुसरं, बाकावरचा मित्र तिसरंच; मुलाला एवढं तरी कळतं की मोठ्यांचं आपसात पटत नाही. घरी शिकणाऱ्या मुलाला शिक्षक, बाप आणि पुढारी ही तिन्ही माणसं एकच मिळू शकतात. घर कुठल्या विचाराचं आहे याने फरक पडत नाही. माझ्याकडे रामरक्षा म्हणणाऱ्या घरातली मुलं येतात, बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरातली येतात, आणि देवच न मानणाऱ्या घरातलीही येतात. विरुद्ध बाजूचं एक वाक्य नीट सांग म्हटलं की तिघंही सारखीच अडतात.

त्यांच्यासाठी मी एक गणित काढलं आहे, ते तुम्ही घरी करून बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला नमुना २६चं शपथपत्र द्यावं लागतं: मालमत्ता, कर्ज, शिक्षण, दाखल गुन्हे. ती शपथपत्रं सगळ्यांना पाहायला खुली असतात. तुमच्या मतदारसंघातल्या दोन मुख्य उमेदवारांची घ्या, म्हणजे 'आपला' आणि 'त्यांचा' असे दोन्ही. त्यांनी मागच्या निवडणुकीलाही दिलेली असतील तर तीही छापून घ्या. मुलाला वही द्या. पहिल्या रकान्यात जमीन, हेक्टरमध्ये आणि गुंठ्यांत. इथे एकक बदलण्याचं गणित आपोआप होतं. दुसऱ्यात सोनं, तोळ्याचा भाव त्या वर्षीचा. तिसऱ्यात पत्नीच्या नावे काय. चौथ्यात पाच वर्षांत मालमत्ता किती टक्के वाढली. शेवटी गुन्हे: कलम काढून ते कशाबद्दल आहे ते लिहायचं, आणि दाखल असणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे, हेही लिहायचं.

माझ्याकडचा एक अकरा वर्षांचा मुलगा वाढीचे टक्के काढताना तीनदा चुकलो म्हणून रडकुंडीला आला. तिन्ही वेळा उत्तर बरोबर होतं. एवढी वाढ होऊ शकते यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. उमेदवार त्याच्या घरच्यांचा लाडका होता. मी काही बोलले नाही, त्याच्या बाबांनीही नाही. त्या दिवशीचा चहा जरा शांततेत झाला.

तुमच्या यजमानांना या गणितात ओढा. हिशेब त्यांनीच तपासायचा, अशी अट घाला.

आम्ही न्यू जर्सीत मुलीला होमस्कूल करतो, कारण शाळेत तिला त्रास होत होता. इथले लोक होमस्कूलिंग म्हटलं की आम्ही कट्टर धार्मिक आणि अमुक पक्षाचे असणार असं धरून चालतात. आमचं तर ग्रीन कार्डही यायचंय!
– एक वाचक, न्यू जर्सी

लोक असं समजतात याला इतिहास आहे, पण तो अर्धा आहे. अमेरिकेत सत्तरच्या दशकात 'मुलांना शाळेतून सोडवा' म्हणणारा आवाज जॉन होल्टसारख्या डाव्या-उदारमतवादी शिक्षकाचा होता. पुढच्या दशकात धर्मनिष्ठ ख्रिस्ती कुटुंबं मोठ्या संख्येने आली, १९८३मध्ये त्यांनी होमस्कूलिंगच्या कायदेशीर बचावासाठी संघटना काढली, राज्यागणिक कायदे बदलून घेतले, आणि १९९३पर्यंत सगळ्या पन्नास राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर झालं. आमदाराच्या कार्यालयात दिवसभर फोन खणखणत ठेवायचं तंत्र त्यांनी असं बसवलं, की लहान संख्येचा मोठा दबाव झाला. पक्षाचा शिक्का तेव्हाचा. करोनात चित्र पुन्हा बदललं: तिथल्या जनगणना खात्याच्या पाहणीत २०२०च्या वसंतात शाळकरी वयाची मुलं असलेली ५.४ टक्के घरं होमस्कूलिंग करत होती, शरदात ११.१ टक्के, कृष्णवर्णीय घरांत तर ३.३चे १६.१ झाले. ही सगळी एका पक्षाची मतं नव्हेत.

त्या लोकांकडून आपल्याकडच्यांनी संघटनेची चिकाटी घ्यावी, गठ्ठा होणं घेऊ नये. आपल्याकडे होमस्कूलिंगवाले इतके विखुरलेले आहेत, की निवडणुकीच्या दिवसांत त्यांचे व्हॉट्सॲप गट आधी फुटतात. मला तरी ते तब्येतीचं लक्षण वाटतं.

तुमच्या घरची मजा वेगळीच आहे. तुम्ही दोघं भारताचे नागरिक असाल तर नमुना ६अ भरून गावच्या यादीत नाव घालू शकता, पण मत द्यायला प्रत्यक्ष यावं लागतं. तिथे तुम्हाला मत नाही. मुलगी तिथे जन्मलेली आहे असं लिहिता, म्हणजे अठराव्या वर्षी घरातली एकमेव मतदार तीच. तिला शिकवायला बसताना हे लक्षात असू द्या. या विषयात तिचा हक्क तुमच्यापेक्षा मोठा आहे.

नऊ वर्षांच्या मुलीला मतदान कसं करतात ते आत नेऊन दाखवता येईल का? अनुभवातून शिक्षण हीच आमची पद्धत आहे.
– एक बाबा, ठाणे

नाही. नियमात आत यायला परवानगी आहे ती मतदाराच्या कडेवरच्या मुलाला. माझ्या केंद्रावर एकाने आठ वर्षांच्या मुलाला खरंच कडेवर उचलून आणलं आणि 'आता?' असं विचारलं. मी हसले आणि मुलाला माझ्या खुर्चीशेजारी उभं केलं. नियम जेवढा ताणता येतो तेवढा तेव्हा ताणला होता. तुमच्या केंद्राध्यक्षांकडून ती अपेक्षा ठेवू नका.

घरी सगळं करता येतं. आम्ही मतदानाच्या दीड तास आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेतो, किमान पन्नास मतं टाकून, मोजून, मग यंत्र पुसून शून्य दाखवतो. रिकामी पेटी सगळ्यांना दाखवायची ती ही रीत. बुटाचा खोका, चिठ्ठ्या, आणि रविवारी काय जेवायचं हा मुद्दा घ्या. हरलेल्याने निकालाच्या कागदावर सही करायची, ही अट मात्र सोडू नका. बिर्याणी हरल्यावर सही करणं फार अवघड जातं.

मी सोळा वर्षांचा आहे. सगळं शिक्षण घरीच झालं. आमच्याकडे सगळं मोकळेपणाने बोलतात, त्यामुळे मी कुणाला मत दिलं हे बाबा विचारणारच. आणि मी त्यांच्याविरुद्ध दिलेलं असेल. खोटं बोलू का?
– पुणे

खोटं बोलू नकोस. सांगणार नाही, असं म्हण. मोकळेपणाच्या घरात हे वाक्य जड जातं, माहीत आहे, पण तोही मोकळेपणाच आहे.

आत काय होतं ते ऐकून ठेव. पहिला अधिकारी तुझं नाव मोठ्याने वाचतो, दुसरा बोटाला शाई लावतो आणि नोंदवहीत सही घेतो, मग तू पुठ्ठ्याच्या आडोशामागे एकटा. निळं बटण दाबलंस की लाल दिवा लागतो, लांब आवाज येतो, शेजारच्या काचेत तुझ्या उमेदवाराचं नाव आणि चिन्ह छापलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. ती तू सोडून कुणी पाहत नाही. मीसुद्धा, केंद्राध्यक्ष असून, त्या आडोशामागे डोकावू शकत नव्हते. बाबा बाहेर रांगेत असतील किंवा चहाच्या टपरीवर. तुझ्या आयुष्यात त्यांनी न तपासलेली ही पहिली उत्तरपत्रिका असेल.

सतरा पूर्ण झाले की नमुना ६ भर, नाशिकच्या काकूंना वर सगळं सांगितलंच आहे. केंद्र कुठलं ते मतदार चिठ्ठीवर येईल. बहुधा जवळची शाळाच असेल, वर्ग पाचवी ब किंवा तसलं काही, भिंतीवर पाढे आणि कोपऱ्यात एकावर एक रचलेले बाक. विधानसभा-लोकसभेला ती सकाळी सातला उघडते. ओळखपत्र ने, मोबाइल घरी ठेव.